आधी जळण बघा, मग चूल

नवी चूल घ्यायची ठरली की घरात पहिला प्रश्न किमतीचा निघतो आणि दुसरा कंपनीचा. माझं सांगणं असं, की दुकानात जायच्या आधी परसात जा आणि जळणाच्या ढिगापाशी जरा उभं राहा. वर्षभरात तुमच्या घरात काय काय जळतं ते बघा. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, मराठवाड्यात ज्वारीची धसकटं आणि बाभळीची लाकडं, कोल्हापूर-सांगलीकडे चिपाडं, मक्याची बुरकुंडं आणि शेणी, कोकणात करवंट्या, सोडणं, झावळ्या. शिवाय हे जळण बारा महिने एकसारखं नसतं. सुगीनंतर काटक्यांची चंगळ असते. आषाढात मात्र कोरडं म्हणून जे हाताला लागेल ते चुलीत जातं. त्यामुळे ‘सर्व जळणांवर चालणारी, कमी धुराची चूल’ अशी पाटी दिसली की ती आपल्यासाठीच बनवली आहे असं वाटतं. पेटायला कुठलीही चूल कशावरही पेटते. ती कमी धूर नेमक्या कोणत्या जळणावर करते, हे विचारायला हवं, आणि दुकानात ते सहसा कोणी विचारत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकायला हवी. ज्या घरात तान्हं मूल आहे, बाई गरोदर आहे किंवा कोणाला दमा आहे, आणि सिलिंडर परवडतो आहे, तिथे रोजचा स्वयंपाक गॅसवरच करावा. लाकडावरची चूल कितीही सुधारलेली असली तरी गॅसइतकी स्वच्छ जळत नाही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियाहून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि देशभरात दहा कोटींहून जास्त जोडण्या झाल्या. तरीही चूल गेलेली नाही. दुसरा सिलिंडर भरायला पैसे नसतात, हे एक कारण. पण गॅस असलेल्या घरातसुद्धा अंघोळीचं पाणी, गुरांची आंबोण, कार्याचा मोठा स्वयंपाक आणि पुष्कळदा भाकरी चुलीवरच होते. जी चूल घरात राहणारच आहे ती नीट पारखून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

पारखायचं म्हणजे काय बघायचं, हे कळायला धूर का होतो ते समजून घेऊ. धूर म्हणजे न जळलेलं जळण. कोरडं लाकूड तापलं की त्याच्या वजनाचा बराच मोठा भाग, सुमारे तीनचतुर्थांश, वायू होऊन बाहेर पडतो. आपल्याला दिसतो तो जाळ या वायूंचा. मागे राहतो तो निखारा. हे वायू पुरते जळायला सहाशे अंशांच्या वरची उष्णता लागते, पुरेशी हवा लागते, आणि त्या हवेत मिसळायला थोडी जागा नि थोडा वेळ लागतो. तीन दगडांच्या चुलीत यातलं काहीच धड मिळत नाही. वारा जाळ हलवतो, पातेल्याचा गार तळ जाळाला लगेच भिडतो, आणि अर्धवट जळलेल्या वायूंची काजळी नि धूर होतो. जळणातली जेमतेम दहा ते पंधरा टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचते. बाकीची घर तापवते आणि जे जळत नाही ते बाईच्या छातीत जातं. धुरातले सगळ्यांत घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि नाकातही अडत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. लहान मुलांचा न्यूमोनिया, बायकांचा जुनाट खोकला नि दम लागणं, मोतीबिंदू, कमी वजनाची बाळं या सगळ्यांशी घरातल्या धुराचा संबंध जोडला गेलेला आहे. घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तेव्हा कमी धुराची चूल हा काही भांडी काळी होऊ नयेत एवढ्यापुरता विषय नाही.

चांगली चूल वायूंना जळायला ती उष्णता, हवा आणि जागा देते. अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडलेली ‘रॉकेट’ चूल हे त्याचं सोपं रूप. इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी पोकळी असते: आडव्या भागातून काटक्या सरकवायच्या, उभ्या भागात जाळ वर चढतो. पोकळीभोवती उष्णता धरून ठेवणारं अस्तर असतं. जळण एका फळीवर टेकतं आणि फळीखालून हवा आत येते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फिरत्या लोखंडी चुली याच कल्पनेवर बेतलेल्या आहेत. विकत घेताना वाकून आत बघा. जळण टेकायला जाळी किंवा फळी आहे का? तिच्याखालून हवेला वाट आहे का? आतली पोकळी आणि बाहेरचा पत्रा यांच्यात अंतर किंवा अस्तर आहे का? नुसता पत्र्याचा डबा कापून त्याला पाय लावलेले असतील, तर ती चूल कमी धुराची नाही, मग वर रंग कितीही चकचकीत असो.

आता जळणाकडे वळू.

फोडलेली लाकडं आणि अंगठ्याएवढ्या जाडीच्या काटक्या ज्यांच्याकडे आहेत त्यांचं काम सोपं आहे. रॉकेट पद्धतीची चूल याच जळणासाठी बनलेली असते आणि प्रयोगशाळेत तिची चाचणीही नीट कापलेल्या, वाळवलेल्या लाकडावरच होते. म्हणून छापील आकडे चांगले दिसतात. त्याच चुलीत तुराट्या घालून बघा. तुराटी हलकी, पटकन भडकते आणि पटकन संपते. दर दोन मिनिटांनी हात घालावा लागतो, आणि बाई एकटी असेल तर ती कणीक मळेल की तुराट्या सरकवेल? मग ती एकदम मूठभर कोंबते, हवेची वाट बंद होते आणि धूर जुन्या चुलीसारखाच येतो. पऱ्हाट्या, तुराट्या, धसकटं हेच मुख्य जळण असेल तर तोंड जरा रुंद आणि पोकळी मोठी असलेली, बांधलेली चूल बरी. तिला धुराडं हवंच.

पऱ्हाट्यांविषयी आणखी एक. वेचणी संपल्यावर पऱ्हाट्यांचे ढीग घरामागे वर्षभर रचून ठेवायची रीत आहे. त्या ढिगातल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते आणि पुढच्या हंगामात शेतात परतते. कृषी विभाग हे ढीग ठेवू नका असं दरवर्षी सांगतो, त्यामागे हे कारण आहे. जळणासाठी लागतील तेवढ्याच पऱ्हाट्या, बोंडं झाडून, बारीक तोडून, पावसाआधी संपतील अशा बेतानं ठेवा.

करवंटी हे उत्तम जळण. धग मोठी, राख कमी. पण करवंटीत तेलकटपणा असल्यामुळे ती एकदम भडकते आणि हवा कमी पडली तर काळा दाट धूर सोडते. करवंटीचे तुकडे करून एकेक घालावे, जाळीखालची राख वरचेवर ओढावी. सोडणं मात्र धुमसतात. ती पेटवणीला वापरा, रांधायला नको.

शेणी, गोवऱ्या यांच्याबद्दल मी ठाम आहे. गोवरीत राख भरपूर, धग लाकडापेक्षा कमी आणि धूर सगळ्यांत जास्त. कोणतीही फिरती चूल शेणीवर स्वच्छ जळते असा दावा कोणी केला, तर त्याला तुमच्या समोर पेटवून दाखवायला सांगा. ज्या घरात चार-पाच जनावरं आहेत त्यांनी चुलीआधी गोबर गॅसचा विचार करावा. रोज ५० किलो शेण मिळत असेल तर दोन घनमीटरचं संयंत्र चालतं आणि पाच-सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक निळ्या जाळावर होतो. शेण जळत नाही, स्लरी होऊन शेतात जातं. पहिला खर्च चुलीच्या अनेक पट आहे आणि अंगणात जागाही लागते, हे खरं. तरी शेणीवर चालणाऱ्या घराला मी हाच सल्ला देईन.

लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस फुकट मिळत असेल, म्हणजे सॉ मिल किंवा गिरणी जवळ असेल, तर भुशाची शेगडी अजूनही कामाची आहे. मधोमध दांडा उभा करून भोवती भुसा ठासायचा, दांडा काढला की धुरासाठी बोगदा तयार होतो, आणि खालून पेटवलं की ती मध्ये हात न लावता तास-दोन तास जळत राहते. डाळ शिजवायला, पाणी तापवायला छान. पण जाळ कमी-जास्त करता येत नाही आणि विझताना धूर होतो, म्हणून ती पडवीत किंवा अंगणातच ठेवावी.

पंख्याच्या चुलीची गोष्ट वेगळी. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा पोकळीत हवा सोडतो, वायू वरच्या वर जळतात आणि जाळ खरोखरच स्वच्छ असतो. लाकडावरच्या चुलींत हीच सगळ्यांत कमी धुराची. मात्र तिला बोटाच्या पेराएवढे तुकडे किंवा पेलेट, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या, लागतात, आणि रोज चार्जिंग लागतं. हे तुकडे कोण करणार, हा प्रश्न घरात आधीच विचारा. २००६च्या सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीनं तयार झालेली पेलेटवरची अशी एक चूल महाराष्ट्र-कर्नाटकात लाखोंनी खपली. पुढे शेतातला काडीकचरा महागला, पेलेटचा भाव चढला आणि कित्येक घरांत ती चांगली चूल माळ्यावर गेली. ज्या जळणाचा भाव दुसऱ्याच्या हातात आहे त्यावरच चालणारी चूल घेताना पेलेट कुठे मिळतात, काय दरानं मिळतात, आणि नाही मिळाले तर या चुलीत साधी काटकी चालते का, याची चौकशी करूनच पुढे जा.

जळणाचा मेळ बसला की स्वयंपाकाचा मेळ बसवायचा. इथेच बहुतेक सुधारित चुली हरतात, आणि चूल बनवणारे बहुधा भाकरी करणारे नसतात हे त्याचं कारण असावं. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, दुसरी बाजू झाली, की ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करतात. तिथे ती टम्म फुगते आणि पापुद्रा सुटतो. तेवढ्यात तव्यावर पुढची भाकरी पडलेली असते. म्हणजे एकाच वेळी दोन प्रकारची धग हवी: तव्याखाली बेताचा, सगळीकडे पसरलेला जाळ आणि तोंडाशी लाल निखारा. अरुंद उभ्या पोकळीच्या चुलीत जाळ तव्याच्या मधोमध एकवटतो. भाकरी मध्ये करपते, कडेला कच्ची राहते, आणि तोंडाशी निखारा ओढायला जागाच नसते. आठवडाभर बाई निभावून नेते आणि मग नव्या चुलीवर चहा, जुन्या चुलीवर भाकरी अशी वाटणी होते. घरातला धूर होता तेवढाच राहतो.

यावर उपाय आहेत. तवा जाड बिडाचा घेतला तर धग पसरते. काही चुलींना भांड्याखाली बसवायची उंच कडी मिळते, तिनं जाळ तव्याला जरा लांबून लागतो. बांधलेली चूल असेल तर तोंडापुढे वीतभर ओटा ठेवून घ्यावा, निखारे ओढायला. पण खरी कसोटी अशी, की घरातला मोठ्यात मोठा तवा आणि मोठ्यात मोठं पातेलं दुकानात घेऊन जा आणि चुलीवर ठेवून बघा. पातेल्यात पाणी भरा आणि पिठलं घोटताना हात जसा जोरात फिरतो तसा फिरवून बघा. चूल डुगडुगली तर ती घेऊ नका. कढत पिठलं अंगावर सांडणं हे धुरापेक्षा आधी येणारं संकट आहे. चुलीचा बाहेरचा पत्रा पेटल्यावर किती तापतो तेही बघा, कारण शेजारी लहान मूल रांगत असतं आणि पदर पुढे येत असतो.

आता कागदपत्रं. घरगुती फिरत्या लाकडी चुलीसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे: आयएस १३१५२, भाग १, २०१३. पंखा नसलेल्या चुलीनं जळणातली किमान २५ टक्के उष्णता भांड्याला द्यायला हवी, पंख्याच्या चुलीनं ३५ टक्के. भांड्याला मिळालेल्या दर मेगाज्यूल उष्णतेमागे धुराचे कण साध्या चुलीत ३५० मिलिग्रॅमपेक्षा आणि पंख्याच्या चुलीत १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींत ५ ग्रॅमच्या आत असावा. आकडे पाठ करायची गरज नाही. विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: उष्णतेचे टक्के, धुराचे कण, आणि चाचणीला वापरलेलं जळण. तिसरी ओळ बहुतेक वेळा लाकूड सांगेल. अहवालात लाकूड आणि पाटीवर ‘सर्व जळणं’ असेल, तर बाकीच्या जळणांबद्दलचा दावा तुम्हालाच तपासावा लागणार. काही चुलींच्या खोक्यावर आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे शून्य ते पाच अशी श्रेणीही दिलेली असते. आकडा जितका मोठा तितकी चूल चांगली, पण धुराची श्रेणी वेगळी असते आणि उष्णतेची वेगळी. जाहिरातीत बहुधा दोन्हींतली चांगली तेवढी छापतात. धुराची विचारा.

तपासणी घरी करता येते, त्याला यंत्र लागत नाही. आपलं रोजचं जळण, निवडून काढलेलं नव्हे, दोन किलो तोलून घ्या. झाकण ठेवून तीन लिटर पाणी जुन्या चुलीवर उकळवा. उकळी आली की जळण विझवा आणि उरलेलं तोला. तेवढंच पाणी, तेच पातेलं, तेच जळण घेऊन नव्या चुलीवर पुन्हा करा. जुन्या चुलीवर कोरडं लाकूड अर्धा किलोच्या आसपास जातं. पंचवीस टक्क्यांची चूल खरोखर तशी असेल तर पाव किलोत काम व्हायला हवं. तीनशे ग्रॅम लागले तरी मी ती चूल घेईन. चारशे लागले तर नाही. त्याच वेळी पातेल्याच्या तळाकडे बघा. मऊ, हाताला लागणारी काळी काजळी म्हणजे जाळाला हवा कमी पडते आहे. आणि जळण भरल्यावर किती वेळ धूर दिसतो ते बघा. पेटवताना मिनिट-दोन मिनिटं धूर येणारच. जाळ धरल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर दोष चुलीचा आहे किंवा जळण ओलं आहे.

ओलं जळण असेल तर उत्तमातली उत्तम चूलही हात टेकते. नुकत्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात आठ लिटर पाण्याला उकळी आली असती. ती सगळी लाकडातलं पाणी घालवण्यात जाते, वर पोकळीतली उष्णता उतरते आणि वायू न जळताच निसटतात. म्हणून चुलीला जेवढे पैसे घालाल त्याच्या थोड्या भागात जळणावर छप्पर घाला. लाकडं माघ-फाल्गुनातच मनगटापेक्षा बारीक फोडा, उन्हाळाभर उन्हात वाळू द्या आणि पावसाआधी जमिनीपासून वीतभर उंच, खालून वारा खेळेल अशी रचा. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा: वाळलेल्याचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. टोकाला भेगा गेलेल्या दिसल्या की ते लाकूड चुलीला तयार.

जळणाच्या यादीतून काही गोष्टी कायमच्या काढा. दुधाच्या पिशव्या, चपलांचे तुकडे, टायर, रंगवलेली दारं-खिडक्या, प्लायवूड. चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी वापरायची सवय खेड्यापाड्यांत फार बोकाळली आहे. त्यातला धूर लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी असतो आणि कोणतीही सुधारित चूल तो निर्विष करत नाही. सुकं सोडण, चिपाड, लाकडाच्या ढलप्या पेटवणीला पुरतात.

बांधलेल्या चुलीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मोठ्या कुटुंबाला आणि मिश्र जळणाला तीच जास्त सोयीची पडते. आपल्याकडे याचा इतिहास जुना आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७च्या सुमारास मगन चूल तयार झाली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ साली धुराड्याच्या चुलीवर पुस्तिकाच लिहिली. मग १९८३ ते २००२ या काळात केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून देशभरात तीन कोटींहून अधिक सुधारित चुली बसल्या. त्यातल्या पुष्कळ टिकल्या नाहीत. जाड लाकूड जावं म्हणून कोणी तोंड फोडून मोठं केलं, कुठे धुराडं काजळीनं तुंबलं आणि साफ करायला कोणी वर चढलं नाही, कुठे पावसात छपराची गळती सुरू झाली म्हणून नळीच काढून टाकली. पुढे ओडिशातल्या गावांमध्ये एस्तेर दुफ्लो यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी काही वर्षं अशा चुलींचा पाठपुरावा केला, तेव्हा पहिल्या वर्षी बायकांच्या छातीतला धूर कमी झालेला दिसला आणि नंतर तो फायदा विरून गेला. चुली मोडत गेल्या, दुरुस्ती झाली नाही, वापर घटला. हा अभ्यास वाचून सुधारित चुलींचा नाद सोडा असं म्हणणारे आहेत. मला त्यातून दुसरंच दिसतं: चूल बसवणारा माणूस वर्षभरानं परत येणार आहे का, हे चूल बसवायच्या आधीच ठरायला हवं.

तेव्हा गवंड्याकडून किंवा संस्थेकडून चूल बांधून घेताना साच्यातली घ्या, हातानं अंदाजे घडवलेली नको, कारण आतल्या वाटांची मापं चुकली की ओढ बसत नाही. धुराड्याची नळी तीन-चार इंच व्यासाची, सरळ, शक्य तो वाकण नसलेली असावी आणि छपराच्या सगळ्यांत उंच भागाच्या दोन फूट तरी वर जावी. नाहीतर वारा फिरला की धूर उलटा घरात येतो. वर टोपी हवी, आणि खाली काजळी काढायला झाकणाचं तोंड हवं. हे तोंड नसेल तर ती चूल घेऊ नका, कारण ती साफ होणारच नाही. छप्पर गवताचं किंवा झावळ्यांचं असेल तर नळी छपरातून नेण्याऐवजी भिंतीतून बाहेर काढून मग वर चढवावी. जुनी सिमेंटच्या पत्र्याची नळी असेल तर तिच्यावर करवत चालवू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. महिन्यातून एकदा काठीला पोतं किंवा काथ्याचा झुबका बांधून नळी झाडा. वैलावर, म्हणजे चुलीच्या मागच्या तोंडावर, भांडं नसेल तेव्हा झाकणी ठेवा. वैल उघडा राहिला की धुराड्याची ओढ तिथेच संपते आणि पुढच्या जाळाला हवा मिळत नाही. भेगा दिसल्या की त्याच आठवड्यात मातीनं लिंपा. चुलीचं तोंड मात्र कधीही मोठं करू नका, लाकूड बारीक फोडा.

धुराडं धूर बाहेर नेतं, नाहीसा करत नाही, हेही लक्षात ठेवा. वाडीत पन्नास घरं असतील आणि पन्नास धुराडी सकाळी एकदम ओकत असतील तर तो धूर दारांतून परत घरात शिरतो. म्हणून धुराडं आणि नीट जळणारी पोकळी दोन्ही हवं.

कोळशाच्या शेगडीबद्दल एक इशारा. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या संस्थेनं, उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली आणि त्यावर चालणारा ‘सराई’ कुकर आणला. त्यात शे-दोनशे ग्रॅम कोळशावर एका कुटुंबाचा वरणभात शिजतो, जळण फार वाचतं आणि धूर दिसत नाही. दिसत नाही म्हणून ती हवा निर्धोक आहे असं मात्र नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत दारं-खिडक्या लावून शेगडी खोलीत घेऊन झोपल्यामुळे अख्खी कुटुंबं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. कोळशावरचं काहीही उघड्या पडवीत किंवा खिडकी सताड उघडी ठेवूनच चालवा, आणि झोपायच्या खोलीत कधीही नेऊ नका. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर आधी बाहेर या.

स्वयंपाकघर सुधारलं आणि न्हाणीघर विसरलं, असं फार घरांत होतं. बंब किंवा पाणी तापवायची चूल रोज तास-दीड तास जळते, आणि घरातलं सगळ्यांत रद्दी जळण तिथे जातं. बंब घराला लागून असेल आणि धूर खिडकीतून आत येत असेल तर चुलीवर घातलेले पैसे निम्मे वाया गेले असं समजा. बंबाची नळी वर न्या, जाळी साफ ठेवा, आणि जमत असेल तर छपरावर सौर बंब बसवा. उन्हाळ्या-हिवाळ्यात तरी रोजचं कितीतरी जळण वाचेल.

घ्यायच्या वेळी आणखी चार गोष्टी विचारून घ्या. आतली पोकळी आणि जाळी कोणत्या धातूची आहे, किती जाड आहे? साधा पातळ पत्रा रोजच्या जाळात वर्ष-दोन वर्षांत गळतो. जाळी सुटी मिळते का आणि तालुक्याच्या गावी मिळते का? हमी किती दिवसांची आहे आणि ती कागदावर आहे का? पंख्याची चूल असेल तर बॅटरी, पंखा नि चार्जर बदलून कोण देणार? या प्रश्नांची उत्तरं तोंडी आणि गोलमाल मिळाली तर दुसरं दुकान बघा.

आणि चूल घ्यायला घरातल्या पुरुषानं एकट्यानं जाऊ नये. कृषी प्रदर्शनातून हौसेनं आणलेल्या कितीतरी चुली आज धान्याच्या कोठारात पडून आहेत, कारण त्या आणणाऱ्यानं त्यांवर एकही भाकरी केली नव्हती. जी रोज सकाळी पाच वाजता ती चूल पेटवणार आहे तिला सोबत न्या. परसातलं जळण एका पिशवीत भरून न्या, तवा न्या, आणि तिच्या हातानं चूल पेटवून, तिनं बरी म्हटल्यावरच पैसे द्या.